घरच्या घरीं राऊटरचें टेबल

‘नाचतां येईना अंगण वांकडें’ ही म्हण आपण काम टाळणाऱ्या मनुष्यास लावतों. परंतु सुतारकामांत पुष्कळदां असें घडतें कीं, नाचणाराचा दोष नसून अंगणच खरोखर वांकडें असतें. चांगल्या हातांतील चांगलें हत्यार भलत्या रीतीनें धरलें गेलें म्हणजे काम बिघडतें, आणि कधीं कधीं कामाहून अधिक मोलाचें कांहीं गमवावें लागतें. ‘राऊटर’ नांवाच्या यंत्रासाठीं घरच्या घरीं सरळ अंगण कसें तयार करावें, म्हणजेच त्याचें टेबल कसें बनवावें, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे. लेख विद्यार्थ्यांसाठीं आहे. तथापि पालकांनींही तो वाचावा अशी विनंती आहे. ती कां, हें पुढें आपोआप कळून येईल.

आपणां वसईकरांस लांकूड नवें नाहीं. सोळाव्या शतकांत आगाशी हें गांव लांकडाच्या व्यापारासाठीं व जहाजबांधणीसाठीं प्रसिद्ध होतें. १५३४ सालीं गुजरातच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली आणि १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं ती जिंकून घेतली. मधल्या दोनशें वर्षांत किती लांकूड गलबतांत, छपरांत आणि दारांत गेलें असेल याची कल्पनाच केलेली बरी. किल्ल्यांतील बहुतेक चर्चांचीं छपरें आज उरलीं नाहींत, उघड्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत. परंतु जेथें जुनी लांकडी वेदी अजून शाबूत आहे, तेथें जवळ जाऊन तिच्या खांबांवरील कंगोरे व चौकटींच्या खांचा नीट पाहाव्या. हें सर्व काम हातच्या रंध्यांनीं व पटाशांनीं झालेलें असतें. खांच पाडावयास एक रंधा, कडेला पायरी काढावयास पतामाचा दुसरा, गोलाई आणावयास गलत्याचा तिसरा, असे निरनिराळे रंधे सुताराच्या पेटींत असत. तीं सर्व कामें आज एकटें राऊटर करतें.

राऊटर म्हणजे काय? एक उभी विजेची मोटर, तिच्या दांड्याच्या टोकास ‘कॉलेट’ नांवाची चिमट्यासारखी पकड, आणि त्या पकडींत बसविलेलें धारदार पातें, ज्यास कारागीर ‘बिट’ म्हणतात. पातें सरळ असेल तर खांच पडते; गोलाईचें असेल तर फळीची कड गोल होते. हातांत धरून चालवावयाचें असें यंत्र अमेरिकेंत विसाव्या शतकाच्या आरंभीं प्रचारांत आलें, आर. एल. कार्टर यांचा त्याचा धंदा १९२९ सालीं स्टॅन्ले कंपनीनें विकत घेतला. आज वसई पूर्वेस वालीव, सातिवली, गोखिवरें या बाजूस फर्निचर करणाऱ्या कारागिरांच्या हातीं तें नित्य दिसतें, आणि छंद म्हणून सुतारकाम करणाऱ्यांच्या घरींही तें येऊं लागलें आहे.

या यंत्राचा वेग किती असतो, याचें विद्यार्थ्यांनीं स्वतः गणित करून पाहावें. लहान राऊटर मिनिटास ३०,००० पर्यंत फेरे घेतें. मोठ्या यंत्राचे फेरे साधारणतः १०,००० ते २४,००० असून ते कमीअधिक करतां येतात. पात्याचा व्यास २५ मिलिमीटर व फेरे मिनिटास २४,००० धरले, तर सेकंदास ४०० फेरे झाले. एका फेऱ्यांत धार सुमारें ७८.५ मिलिमीटर चालते. म्हणजे सेकंदास ३१.४ मीटर, अर्थात् ताशीं सुमारें ११३ किलोमीटर. लहान स्टेशनावर न थांबतां धडाडत निघून जाणाऱ्या मेलगाडीचा हा वेग आहे, आणि तो आपल्या बोटांपासून चार अंगुळांवर फिरत असतो. पातें ५० मिलिमीटरचें घेऊन फेरे तेच ठेवले तर धारेचा वेग दुप्पट होईल. म्हणून पातें जेवढें मोठें तेवढे फेरे कमी, हा नियम आहे. ५० मिलिमीटरच्या पात्यास १६,००० च्या आसपास फेरे पुरेत. पात्यावर अथवा त्याच्या वेष्टनावर कमाल वेग छापलेला असेल तर तोच प्रमाण मानावा.

आतां टेबल कशासाठीं, तें सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमचा एक माजी विद्यार्थी मला भेटावयास आला. शाळेंत असतां त्याची चित्रकला फार चांगली होती. पुढें तो फर्निचरच्या कामास लागला. बोलतांना तो डावा हात खिशांतून बाहेर काढीना. शेवटीं मीं विचारलें तेव्हां कळलें कीं, बोटभर रुंदीची एक पट्टी डाव्या हातानें दाबून व उजव्या हातांत यंत्र धरून तो तिची कड उतरवीत होता; पट्टी सरकली, यंत्र उसळलें, आणि दोन बोटांचीं अग्रें गेलीं. मी हळहळलों, तेव्हां तोच मला म्हणाला, “सर, यंत्र वाईट नव्हतं. लाकूड धरायला जागा नव्हती.”

त्याच्या या एका वाक्यांत टेबलाचें सर्व शास्त्र आलें. हातांतील राऊटर वापरतांना लांकूड स्थिर असतें व यंत्र फिरतें. फळी मोठी असेल तर हें ठीक आहे. पण काम लहान व अरुंद असलें म्हणजे त्यावर यंत्र टेकावयास जागा राहत नाहीं आणि लांकूड दाबून धरावयासही जागा राहत नाहीं. टेबलाची युक्ति याच्या उलट आहे. यंत्र उलटें करून फळीच्या खालीं कायमचें टांगावयाचें, पातें फळीच्या भोकांतून वर काढावयाचें, आणि लांकूड त्याच्यावरून सरकवावयाचें. यंत्र स्थिर झालें, लांकूड चालतें झालें, आणि दोन्ही हात मोकळे झाले.

टेबलासाठीं लागणारें साहित्य वखारींत व हार्डवेअरच्या दुकानांत सहज मिळतें : १८ मिलिमीटर जाडीचें चांगलें प्लायवूड, सनमायका, फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद, स्क्रू, पायांसाठीं सागाच्या किंवा अन्य पक्क्या लांकडाच्या पट्ट्या, ८ मिलिमीटर जाडीचा बेकेलाईटचा अथवा ६ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा तुकडा, आणि दोन मजबूत क्लॅम्प.

वरची फळी हा या कामाचा जीव आहे. तिजविषयीं सांगतांना मला माझी फजिती सांगितली पाहिजे. माझें पहिलें टेबल १२ मिलिमीटर जाडीच्या एकेरी प्लायचें होतें. मे महिन्यांत तें पाटासारखें सपाट होतें. पुढें पावसाळा आला. छंदवर्गांतील मुलांनीं त्या टेबलावर तसबिरींच्या चौकटी करावयास घेतल्या, आणि एकाही चौकटीचे कोपरे नीट मिळेनात. लांब बाजूची खांच उथळ पडे, आखूड बाजूची खोल पडे. मी मुलांच्या मापांस दोष देत होतों. नववींतील एका मुलानें कांहीं न बोलतां पोलादी पट्टी टेबलावर आडवी उभी धरली आणि मला वांकून पाहावयास सांगितलें. पट्टीखालून उजेड दिसत होता. खालीं टांगलेल्या यंत्राचें वजन व हवेंतील दमटपणा यांनीं फळी मध्यें एक मिलिमीटरभर बसली होती. लांब फळी त्या खळग्यावरून पुलासारखी जाई, म्हणून तिची खांच उथळ. आखूड फळी खळग्यांत उतरे, म्हणून तिची खांच पुरी. मुलें बरोबर होतीं. अंगणच वांकडें होतें. मीं वर्गापुढें माझी चूक कबूल केली, आणि त्या दिवशीं मुलें जें शिकलीं तें टेबल सरळ असतें तर शिकलीं नसतीं.

दुसऱ्या टेबलाची फळी अशी केली : ७५० मिलिमीटर लांब व ५०० मिलिमीटर रुंद असे प्लायचे दोन तुकडे घेऊन त्यांच्या मध्यें सर्वत्र गोंद लावला व वजन ठेवून चोवीस तास दाबून ठेवले. जाडी ३६ मिलिमीटर झाली. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. जाडी तिप्पट झाली म्हणजे ताठपणा सत्तावीसपट होतो. नंतर सनमायका वरच्या व खालच्या अशा दोन्ही अंगांस चिकटविला. पुष्कळ जण तो वरच लावतात. तसें केल्यास खालचें अंग दमट हवा पिऊन फुगतें, वरचें फुगत नाहीं, आणि फळी वांकते. दोन्ही अंगें सारखीं झांकलीं व कडाही पॉलिशनें बंद केल्या म्हणजे हें भय उरत नाहीं. शिवाय फळीच्या खालीं लांबीच्या दिशेनें दोन पट्ट्या उभ्या ठेवून स्क्रूंनीं आवळाव्या.

यानंतर प्लेट. एवढ्या जाड फळीखालीं यंत्र सरळच बसविलें तर पातें वर पोंचणार नाहीं. म्हणून यंत्र एका पातळ पण ताठ प्लेटवर बसवून ती प्लेट फळींत समपातळींत बसवितात. ३०० मिलिमीटर लांब व २३० मिलिमीटर रुंद प्लेट पुरेशी होते. साधा ॲक्रिलिक वापरूं नये. तो यंत्राच्या भारानें कालांतरानें वांकतो. यंत्राच्या तळाचें प्लास्टिकचें आवरण सोडवून तें प्लेटवर ठेवावें व त्याच्याच भोकांवरून खुणा कराव्या. मापें घेऊन खुणा करण्यापेक्षां ही रीत अचूक आहे. स्क्रूंचीं डोकीं प्लेटमध्यें पुरतीं बुडालीं पाहिजेत. मध्यभागीं ४० मिलिमीटर व्यासाचें भोक पाडावें. त्यांतून न मावणारें पातें नवशिक्यानें वापरूंच नये, म्हणजे भोक हाच एक पहारेकरी होतो.

प्लेट फळीच्या लांबीच्या मध्यावर यावी व पात्याचें केंद्र पुढच्या कडेपासून सुमारें २०० मिलिमीटरवर यावें. प्लेट जागेवर ठेवून तिच्याभोंवतीं चार सरळ पट्ट्या घट्ट बसवाव्या, प्लेट उचलावी, आणि त्या पट्ट्यांच्या आधारानें हातांतील राऊटरनें प्लेटच्या जाडीपेक्षां एक मिलिमीटर अधिक खोल अशी चौकोनी खळगी काढावी. कोपऱ्यांत पात्यामुळें गोलाई राहते. ती पटाशीनें काढावी किंवा प्लेटचे कोपरे तेवढे गोल करावे. मग सर्व बाजूंनीं १० मिलिमीटरची कड राखून आंतील भाग करवतीनें कापून टाकावा. राहिलेल्या कडेवर चार कोपऱ्यांस चार स्क्रू बसवावे व ते वरखालीं करून प्लेट फळीच्या पातळीस आणावी. बोट फिरवून भागत नाहीं. पोलादी पट्टी उभी ठेवून उजेड पाहावा. प्लेटची कड केंसभर जरी वर राहिली तरी सरकतें लांकूड तिला अडतें.

पायांविषयीं फार सांगणें नको. उभें राहून काम करणाऱ्यास जमिनीपासून ८५० ते ९०० मिलिमीटर उंची सोयीची होते. जागा थोडी असल्यास ३५० मिलिमीटर उंचीची पेटी करून ती जुन्या बांकावर क्लॅम्पनें आवळावी. पेटी चोहोंकडून बंद करूं नये; मोटरीस हवा लागते.

आतां जिला कारागीर ‘फेन्स’ म्हणतात ती आडपट्टी. प्लायचे दोन लांब तुकडे काटकोनांत जोडून मागून चार त्रिकोणी ठोकळे बसवावे व गुण्या लावून काटकोन तपासावा. मध्यें पात्यासाठीं खिडकी ठेवावी व तिच्या मागें धूळ ओढणारी नळी बसेल असें भोक ठेवावें. येथें भूमितीची एक मौज आहे. आडपट्टी टेबलाच्या कडेस समांतर असलीच पाहिजे असें पुष्कळांस वाटतें. पण तशी गरज नाहीं. पातें वर्तुळांत फिरतें, आणि वर्तुळास दिशा नसते. पात्यापासून आडपट्टीचें अंतर काय तें महत्त्वाचें. म्हणून आडपट्टीचें एक टोक एका बोल्टवर खिळवून दुसरें टोक मोकळें ठेवावें व तें क्लॅम्पनें आवळावें. पातें बरोबर मध्यावर असेल तर मोकळें टोक दोन मिलिमीटर सरकविल्यानें पात्यापाशीं एकच मिलिमीटर फरक पडतो. समरूप त्रिकोणांचा धडा ज्यांना रुक्ष वाटतो, त्यांनीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

विजेची व्यवस्था जाणत्या मनुष्याकडूनच करवून घ्यावी. यंत्राचें बटण टेबलाखालीं राहतें, म्हणून पुढच्या बाजूस हाताशीं येईल असा वेगळा स्विच बसवावा. वीज जाऊन परत आली असतां यंत्र आपोआप सुरू होणार नाहीं असाच स्विच घ्यावा. ज्या गांवीं पावसाळ्यांत वीज लपंडाव खेळते तेथें ही चैन नसून गरज आहे. जोडणीस अर्थिंग व ३० मिलिअँपिअरवर तुटणारा संरक्षक स्विच असावा.

टेबल तयार झालें. आतां त्याचे नियम ऐका.

पातें बदलतांना प्लग भिंतींतून काढावा. नुसता स्विच बंद करणें पुरेसें नाहीं. पात्याचा दांडा पकडींत पाऊण तरी आंत जावा, मात्र तळाशीं टेकवून मग दोन मिलिमीटर वर ओढावा व नंतर आवळावा. ६ मिलिमीटरचा दांडा पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरच्या पकडींत कधींही घालूं नये. फरक नखाएवढाही नाहीं. पण सैल पकडींतून सुटलेलें पातें गोळीसारखें जातें.

लांकूड उजवीकडून डावीकडे सरकवावें. यंत्र उलटें टांगलेलें असल्यानें वरून पाहतां पातें घड्याळाच्या कांट्यांच्या उलट फिरतें. आपल्याकडील बाजूस त्याची धार डावीकडून उजवीकडे येते. लांकूड तिच्या विरुद्ध गेलें म्हणजे धार त्याला मागें ढकलते व आपल्या हाताचा ताबा राहतो. डावीकडून उजवीकडे सरकविलें तर धार तें लांकूड हिसकावून घेते, आणि त्याबरोबर हातही ओढला जातो. याच कारणानें पातें व आडपट्टी यांच्या मधल्या फटींतून लांकूड कधींही घालूं नये.

एका वेळीं तीन मिलिमीटरपेक्षां अधिक खोल कापूं नये. नऊ मिलिमीटरची खांच हवी असेल तर तीन वेळां करावी. थेंबें थेंबें तळें सांचे, हा न्याय येथेंही लागू आहे. घाईनें लांकूड जळतें व धारही जाते.

आखूड तुकडा टेबलावर आणूं नये. ३०० मिलिमीटरहून आखूड काम हवें असेल तर लांब पट्टीवर खांच पाडून मग तुकडे कापावे. अरुंद पट्टी ढकलावयास काठी वापरावी. ती टेबलास दोरीनें बांधलेली असावी, म्हणजे ती शोधण्याचा आळस करून कोणी बोट वापरणार नाहीं. लांकूड आडपट्टीस दाबून धरण्यासाठीं फळीच्या टोकास जवळजवळ तिरप्या चिरा पाडून दांतेरी फळी करतात. ती क्लॅम्पनें बसविली म्हणजे हात पात्यापासून दूर राहतात.

डोळ्यांस चष्मा, कानांस आवरण, नाकातोंडास चांगला मास्क असावा. सैल बाह्या, ओढणी, मोकळे केंस नसावे. हातमोजे तर मुळींच घालूं नयेत. त्यांचा धागा पात्यांत अडकला म्हणजे हात सुटत नाहीं. लांकडाची धूळ निरुपद्रवी आहे असें समजूं नये. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९९५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत ती मनुष्यास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातली आहे. म्हणून काम हवेशीर जागीं करावें व धूळ झाडण्याऐवजीं नळीनें ओढून घ्यावी.

आणि शेवटचा नियम : विद्यार्थ्यानें हें यंत्र एकट्यानें चालवूं नये. माप घेणें, आखणें, गोंद लावणें, घासणें, तपासणें हीं कामें मुलांचीं. स्विच मोठ्या माणसाच्या हातीं.

आतां पालकांशीं दोन शब्द. छंदवर्ग सुरू झाला तेव्हां एका गृहस्थांनीं मला विचारलें, “सर, मुलाला सुतारच करायचा असता तर शाळेत कशाला घातला असता?” त्यांच्या प्रश्नांत दुष्टपणा नव्हता, त्यांनीं कष्टानें मुलाची फी भरली होती. त्यांस माझें उत्तर असें कीं, फिनलंडमध्यें १८६६ सालींच ऊनो सिग्नेउस यांच्या प्रयत्नानें लोकशाळांत हस्तकाम आवश्यक झालें तें सर्वांस सुतार करण्यासाठीं नव्हे. १९३७ सालीं वर्ध्याच्या परिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तोद्योगांतून शिक्षणाची योजना मांडली तीही त्यासाठीं नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांतही सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तराविना कारागिरांजवळ सुतारकामासारखीं कामें शिकावीं असें सुचविलें आहे. वहींतील चूक खोडतां येते. लांकडांतील चूक डोळ्यांसमोर राहते व ती कोणाची हें लपत नाहीं. जो मुलगा पट्टीखालचा उजेड शिक्षकास दाखवूं शकला, त्यास मीं वर्षभर निरीक्षणाचे गुण कागदावर देऊनही तें शिकवूं शकलों नसतों. आणि ज्यास कामाची रीत ठाऊक असते, तो पुढें मालक झाला तर कारागिराच्या बोटांची काळजी घेतो. आपण ज्याची उपासना करतों त्यास नाझरेथांत लोक सुतार म्हणूनच ओळखीत, हेंही आपण ख्रिस्ती जनांनीं विसरूं नये.

गेल्या नाताळाच्या सुटींत तो माजी विद्यार्थी पुन्हां आला. मीं त्यास नवें टेबल दाखविलें. त्यानें वांकून खालची बाजू पाहिली, आडपट्टीस गुण्या लावला, दोरीला बांधलेली काठी हातांत घेतली, आणि बोटभर रुंदीची एक पट्टी सावकाश उजवीकडून डावीकडे नेली. कड सुरेख उतरली. मग आमच्या दांतेरी फळीच्या चिरा फार आंखूड आहेत, त्या अधिक लांब पाडा, असें त्यानें मुलांस सांगितलें, व स्वतः एक करून दाखविली. ती फळी आतां टेबलाबरोबर शाळेंत आहे. ज्या पालकांस आपल्या घरीं असें टेबल करावयाचें असेल त्यांनीं शनिवारीं छंदवर्गाच्या वेळीं येऊन तें पाहावें, मापें उतरून घ्यावीं, आणि येतांना पोलादी पट्टी बरोबर आणावी. आमच्या टेबलाखालीं उजेड दिसला तर तो आम्हांस अवश्य दाखवावा.